‘येतो’ म्हणायचं नाही

आमच्या घरमालकांच्या घरातून निघताना ‘येतो’ म्हणायला बंदी होती. पाहुणा असो, पोस्टमन असो, की घरमालकीणबाईंची सख्खी बहीण असो, फाटकाशी उभं राहून स्पष्ट आवाजात ‘जातो’ म्हणायचं आणि जायचं.

मराठी माणूस वाटेल ते करील, पण घरातून पाय काढताना ‘जातो’ म्हणणार नाही. जो ‘जातो’ म्हणतो तो परत येत नाही, असा आपला पक्का समज. भांडून कायमचा निघालेला भाऊसुद्धा उंबऱ्यावर सवयीनं ‘येतो’ म्हणून जातो. मी या असल्या समजांच्या विरोधात होतो. मी पत्रकांवर वाढलो. वडील चळवळीत होते, त्यामुळे घरात भांड्यांच्या फळीवर पत्रकं, गादीखाली पत्रकं, पापड वाळत घालायचे तेही पत्रकांवर. ‘कमळ’ लिहिता यायच्या आधी मला ‘धिक्कार’ लिहिता यायला लागलं. जाणत्या वयात आल्यावर मी जी काही व्रतं घेतली त्यात एक हे होतं, की ‘येतो’ म्हणायचं नाही. माणूस जात असेल तर त्यानं ‘जातो’ म्हणावं. भाषेत खोटेपणा नको.

या व्रतापायी मी कितीतरी आज्यांच्या शिव्या खाल्ल्या. पण खोली मिळाली ती या व्रतामुळेच.

उचगावच्या अंगाला, वस्ती जिथं संपते आणि हमरस्ता लागतो, तिथं हे घर होतं. पुढं अंगण, मागं परडं, भोवती दगडी कुंपण. खोली बघितली. मालक, म्हणजे मामा, मला न्याहाळत होते. द्यावी की न द्यावी, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. एकटा पोरगा, दाढी वाढवलेली, पिशवीत कागद. मी उठलो, फाटकाशी गेलो आणि म्हणालो, “जातो.”

मामांचा चेहरा उजळला. “काय म्हटलास?”

“जातो म्हटलं.”

“पुन्ना म्हण.”

“जातो.”

त्यांनी मागं वळून आत हाक मारली, “अगं, खोली दिली गं ह्येला.”

मला वाटलं, माणूस आपल्या विचारांचा निघाला. या गैरसमजात मी बरेच दिवस सुखानं राहिलो.

मामा आयुष्यभर कोल्हापुरातल्या एका थेटरात डोअरकीपर होते. निवृत्त झाले तरी अंगातलं दार गेलं नव्हतं. कुठल्याही दारात ते आडवेच उभे राहायचे, पाठ चौकटीला, एक हात पुढं. लाईट गेली की घरातल्या घरात बॅटरीचा झोत जमिनीवर टाकून पाहुण्याला खुर्चीपर्यंत न्यायचे आणि हळू आवाजात “पाय सांभाळा, पायरी हाय” म्हणायचे. पायरी नसायची. मामी म्हणायच्या, “आमच्या लग्नातबी ह्येनी मांडवाच्या दारात उभं ऱ्हायले हुते. भटजी म्हटला, नवरा कुठाय?”

त्यांनी शेकडो सिनेमे बघितले होते, पण सगळे मधलेच. सुरुवातीला उशिरा येणाऱ्यांची गर्दी, शेवटी दारं उघडायची घाई. त्यामुळे ते गोष्ट सांगायचे ती अशी: “एक बाई असती. ती रडत असती. कशापायी ते मला म्हाईत न्हाय. मंग एक मोटार येती. फुडं काय झालं ते इच्यार कुणाला तर.” ऐकणाऱ्याचा जीव वर-खाली व्हायचा, पण त्यांना त्याचं काही नसायचं. जगाचा मधला भाग आपल्याला कळला, तेवढा पुष्कळ, असा त्यांचा भाव.

त्यांच्या कुत्र्याचं नाव इंटरवल होतं. वस्ती त्याला इंट्रोल म्हणायची. भुऱ्या रंगाचं, एक कान उभा, एक पडलेला, साधं गावठी कुत्रं. नावाचं कारण मामा सांगायचे, “शो चालू असताना मधीच उठून भाईर जातंय, म्हणून.”

आणि ते खरंच जायचं. फाटक उघडलं की पायांमधून, पिशवीखालून, लुगड्याच्या घोळाआडून, कसं का होईना, सुटायचं. मग मामा मागं, मामांच्या मागं शेजारचे बशीरभाई, बशीरभाईंच्या मागं वस्तीतली सगळी रिकामी मंडळी. “धरा धरा”, “आडवं व्हा”, “इंट्रोल पळालं” असा ओरडा. कुत्रं पुढं हमरस्त्याकडं. रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर, मालाच्या ट्रका, आणि त्यातून वाट काढणारे गडमुडशिंगीचे गवळी, सायकलला दुधाच्या किटल्या लावलेले.

लोकांना ती करमणूक होती. मामांना नव्हती. या आधीचं कुत्रं, लाल्या, त्याच रस्त्यावर ट्रकखाली गेलं होतं. मामांनी मला ते एकदाच सांगितलं आणि तेही मधलंच. “पळालं. मी मागनं हाक मारली. त्येनं वळून बगितलं.” एवढंच. पुढं काय झालं ते कुणालातरी विचारायची गरज नव्हती.

मी विचारलं, “मग याला बांधत का नाही?”

मामा माझ्याकडं बघत राहिले. “मी डोअरकीपर हाय. जेलर न्हाय.”

हे वाक्य मी त्याच आठवड्यात एका पत्रकात वापरलं. विषय वेगळा होता, पण वाक्य कुठंही चाललं असतं.

मामांची अडचण खरी होती. “आत शिरनाऱ्याला आडवायचं मला कळतंय,” ते म्हणायचे. “त्येच्या डोळ्यांवरनंच कळतंय. बिनतिकिटाचं एक पोरगं मी आत सोडलं न्हाई. पर भाईर जानाऱ्याला आडवायचं मला कुनी शिकिवलंच न्हाई. शो सुटला की दारं उघडायची. आमच्यात तसंच असतंय.”

तरी त्यांनी शिकून घेतलं. कुंपणालगतचा गोवऱ्यांचा ढीग हलवला, चढून पलीकडं उडी मारेल म्हणून. कुंपणाखाली उकरेल म्हणून कडेकडेनं दगड पुरले. परड्याच्या कोपऱ्यात कुंपण ढासळून वासरू जाईल एवढं भगदाड पडलं होतं, तिथं बाभळीच्या फांद्या कोंबल्या. त्या भगदाडाकडं कुत्र्यानं कधी ढुंकून बघितलं नव्हतं. ते पळायचं फाटकातूनच.

आणि फाटकातून पळायचं कारण आपली माणसं. कोल्हापुरी माणूस ‘येतो’ म्हटल्यावर जात नाही. खरं बोलणं तिथून सुरू होतं. आत खुर्चीवर बसून तासभर पाऊसपाण्याचं, भावकीचं वरवरचं बोलतो, उठतो, ‘येतो’ म्हणतो, फाटक उघडतो, एक पाय बाहेर, एक पाय आत, आणि मग हळूच, “बरं, त्या वाटणीचं काय झालं मग?” बाया तर फाटक धरून अख्ख्या सासरचा हिशोब मांडतात. कुंकू लावून झालेलं असतं, ओटी भरून झालेली असते, फाटक आ वासून उघडं. कुत्र्यानं आणखी काय मागावं?

इंटरवलनं हा शब्द ओळखला होता. परड्यात झोपलेलं असलं तरी घरात कुणी ‘येतो’ म्हटलं की उभा कान ताठ. आमच्याकडं बायकाही ‘येते’ म्हणत नाहीत, ‘येतो’च म्हणतात. त्यामुळे बिचाऱ्याला एकच शब्द शिकावा लागला.

मामांच्या हे लक्षात आलं, आणि त्यांनी शब्दच काढून टाकला. ‘येतो’ बंद. ‘जातो’ म्हणा. कुत्र्याला कळणार नाही.

मामींनी दोन दिवस बोलणं टाकलं. “माझ्या घरातनं माणसं ‘जातो’ म्हणून जायाची? वरडून सांगा की मंग, पुन्ना येऊ नगा म्हणून.” त्यांची बहीण रागानं काहीच न म्हणता गेली. शेवटी बायकांनीच तोडगा काढला. आत देव्हाऱ्यासमोर जाऊन, तोंडावर पदर घेऊन, देवाला ऐकू जाईल इतक्या बारीक आवाजात ‘येतो’ म्हणायचं, आणि फाटकाशी येऊन मामांसाठी मोठ्यानं ‘जातो’. देव आणि डोअरकीपर दोघेही खूश.

मला यातलं कुत्रं माहीतच नव्हतं. म्हणजे कुत्रं माहीत होतं, त्याचा आणि शब्दाचा संबंध माहीत नव्हता. मला फक्त एवढं दिसत होतं, की एक साधा, न शिकलेला माणूस घरच्यांचा राग सोसून एका खुळचट समजुतीशी उघड लढतो आहे. माझं रक्त उसळलं. आमचं एक अभ्यासमंडळ होतं. सभासद कमी, ठराव जास्त. मी ठराव मांडला, की मामांचा सत्कार करावा.

एका रविवारी मंडळ त्यांच्या अंगणात जमलं. हार-नारळ आम्हाला वर्ज्य, म्हणून अध्यक्षांनी त्यांच्या खांद्यावर पंचा टाकला. अध्यक्ष कॉलेजात शिकवायचे आणि घरातही व्याख्यानासारखंच बोलायचे. मामा लाजून फाटकाला पाठ लावून उभे राहिले. दोन शब्द बोला, असा आग्रह झाला.

मामा म्हणाले, “मंडळी, येतो म्हणायचं बंद करा. येतो म्हटलं की कुत्रं पळतंय.”

टाळ्या पडल्या.

अध्यक्ष भारावून उठले. “मामांनी किती मोठं रूपक मांडलं पाहा. कुत्रं म्हणजे कोण? पिढ्यान्‌पिढ्या रूढींच्या दाव्याला बांधलेला, आणि संधी मिळताच पळू बघणारा सामान्य माणूस...”

“ओ सायेब,” मामा मधेच म्हणाले, “सामान्य मानूस न्हवं. कुत्रं. त्ये बगा, तिथं बसलंय.”

सगळ्यांनी बघितलं. इंटरवल चुलीच्या लाकडांशेजारी बसून कान खाजवत होतं. अध्यक्ष हसले, मान डोलावली, “वा,” म्हणाले. त्यांना हा रूपकाचा दुसरा भाग वाटला.

मला मात्र तेव्हा कळलं. मी मामींकडं बघितलं. मामी चहाचे कप गोळा करत होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते.

निघताना अध्यक्षांनी फाटक उघडलं, मागं वळले, आणि सगळ्या मंडळानं ठरल्याप्रमाणे एका आवाजात, घोषणेसारखं म्हटलं, “जातो!”

उभा कान ताठ झाला. इतके दिवस घरात रोज ‘जातो’ ऐकून कुत्रं तोही शब्द शिकलं होतं, हे त्या दिवशी कळलं. अध्यक्षांच्या धोतराच्या सोग्यातून ते बाहेर गेलं. मागं मामा, खांद्यावर सत्काराचा पंचा, त्यांच्या मागं बशीरभाई, आणि त्यांच्या मागं आमचं अख्खं अभ्यासमंडळ, “धरा धरा” करत. रस्त्यावर एका ट्रकनं करकचून ब्रेक दाबला. कुत्रं वाचलं. अध्यक्षांची एक चप्पल ट्रॅक्टरखाली गेली. तिन्हीसांजेला कुत्रं आपलं आपण घरी आलं. मामा म्हणाले, “भूक लागली म्हणून आलंय.”

त्या रात्री ते जेवले नाहीत.

पुढं काही दिवस त्यांनी शब्दच बंद केले. नुसते हात जोडायचे. कुत्रं जोडलेले हात ओळखायला शिकलं. मग मामींनी कुणाला आल्या आल्या नमस्कार केला तरी ते फाटकाशी जाऊन उभं राहायला लागलं. तेव्हा मामांनी शेवटी आपल्या धंद्याकडं वळून बघितलं.

थेटरात तिकिटाच्या खिडकीपुढं लोखंडी पाइपांची बोळकांडी असते, एक माणूस जेमतेम मावेल अशी, नागमोडी. त्यांच्या थेटरातली जुनी बोळकांडी भंगारात निघाली होती. मामा ती हातगाडीवर घालून घरी घेऊन आले. बशीरभाईंचा वेल्डिंगचा धंदा. त्यांनी ती फाटकाला जोडली, आतल्या तोंडाला आणखी एक फाटक बसवलं. नियम असा: आतलं फाटक उघडायचं, पाहुण्यानं बोळकांडीत शिरायचं, आतलं बंद करायचं, मग बाहेरचं उघडायचं. दोन्ही एकदम कधीच उघडी नाहीत. उलट येतानाही तसंच.

बशीरभाई काम झाल्यावर लांब उभे राहून बघत म्हणाले, “मामा, ह्यो कुत्र्याचा पिंजरा न्हाय झाला. पावन्यांचा झाला.”

“चालतंय,” मामा म्हणाले.

आणि चाललंही. मकरसंक्रांतीला हळदीकुंकवाच्या बायका त्या पाइपांमध्ये एकामागं एक उभ्या राहिल्या आणि मामा “फुडं सरका, ताई, फुडं सरका, जागा हाय” म्हणत होते. मामींची अंगानं भरलेली बहीण वळणावर अडकली, तिला बशीरभाईंच्या बायकोनं बाहेरून ओढलं आणि मामींनी आतून ढकललं. माणसं बोळकांडीतच उभी राहून निरोपाच्या गप्पा मारायला लागली. लग्नं ठरली तिथं. कुणालाही आता ‘येतो’ म्हणायला मोकळीक होती. कुत्रं आत, सुखरूप.

फक्त एक होतं. पाहुणे गेले की इंटरवल आतल्या फाटकाशी तोंड लावून पडून राहायचं. भाकरी टाकली तरी वास घ्यायचं नाही. मामा म्हणायचे, “हरलंय म्हणून रुसलंय.” पण तेही अर्ध्या ताटावरून उठायचे. कुत्र्याला आपल्यापासून पळायचं आहे आणि आपण ते होऊ देत नाही, एवढाच त्याचा अर्थ त्यांना लागत होता. एकदा म्हणाले, “काय कमी केलं हो ह्येला मी? दूध घालतो, बांधत न्हाय, मारत न्हाय. आन् तरी ह्येला जायाचंच हाय.”

मामांची लेक शालन बाळंतपणाला आली होती. मुलगा झाला. तीन महिन्यांचं बाळ झाल्यावर राधानगरीकडून तिची सासू तिला न्यायला आली. करारी बाई. बोळकांडीतून आत येताना एकेक पाइप हातानं चाचपून बघितला आणि म्हणाली, “आमच्यात म्हशीला असतंय असलं.”

निघायच्या दिवशी अडचण झाली ती पाळण्याची. माहेरचा पाळणा द्यायचा असतो. मामांनी सागवानी, कोरीव, ऐटबाज पाळणा करून घेतला होता, आणि तो बोळकांडीच्या वळणातून जाईना. उभा करून बघितला, आडवा करून बघितला. शेवटी ठरलं, की दोन्ही फाटकं एकदम उघडायची, वळणाचा एक पाइप बशीरभाईंनी काढायचा, आणि पाळणा डोक्यावर घेऊन सरळ बाहेर. पाळणा माझ्या डोक्यावर.

“कुत्र्याला खोलीत कोंड तवर,” मामा मला म्हणाले.

“कोंडलं की रडतंय ते,” मामी आतून म्हणाल्या. “पोरगी सासरी निघताना घरातनं कुत्रं रडायला पायजे व्हय? न्हाय जमायचं.”

“मंग मी धरतो.”

“धरा. पर आरडायचं न्हाय. आन् ती फाटकाभाईर पडली की मागनं हाक मारायची न्हाय कुनी. कुत्र्यालाबी न्हाय. सांगून ठेवतो.”

निघालेल्या माणसाला मागून हाक मारली की काम बिघडतं, हाही आपला एक समज. मी त्याविरुद्धही पत्रक काढलं होतं.

वेळ झाली. कुंकू झालं, ओटी झाली. आतल्या फाटकाशी मामा, दोन्ही हातांनी कुत्रं गुडघ्यांशी दाबून धरलेलं. बाहेरच्या फाटकाशी मी, डोक्यावर पाळणा. मधून सासूबाई गेल्या. मग शालन, कडेवर बाळ. ती मामांपुढं थांबली. मामा पुटपुटले, “नुसती मान हालीव आन् हो फुडं.”

सासूबाई बाहेरून म्हणाल्या, “सूनबाई, बापाला सांगून ये की. ह्ये काय, चोरागत?”

शालननं वाकून नमस्कार केला, आणि म्हणाली, “आबा, येतो.”

ती फाटकाबाहेर पडली, आणि मामांनी डोळे पुसायला हात वर केले. दोन्ही हात.

कुत्रं माझ्या पायांवरून गेलं. मी ओरडायला तोंड उघडलं. माझा विवेक जागा होता, मला शकुन-अपशकुन मान्य नव्हते, एक जिवंत प्राणी ट्रकखाली जायला निघाला होता. माझ्याइतका ओरडायला मोकळा माणूस त्या अंगणात दुसरा नव्हता. मामांनी पुढं येऊन माझा दंड धरला.

“हाक मारलीस तर खोली रिकामी कर,” ते कानाशी म्हणाले.

बशीरभाई हातात पाइप घेऊन जागच्या जागी उभे. मामी फाटकात तोंडावर पदर दाबून उभ्या. कुणी हललं नाही. मी पाळणा घेऊन चालायला लागलो, आणि मामा माझ्या शेजारून, बनियन आणि लेंग्यावर, तसेच चालत निघाले. पाहुण्याबरोबर फाटकाबाहेर पडताना मी त्यांना पहिल्यांदाच बघितलं. पुढं दोन बायका, त्यांच्या मागं कुत्रं, कुत्र्याच्या मागं आम्ही. कुणी “धरा” म्हणालं नाही, कुणी मागं लागलं नाही. मामांचे ओठ हलत होते. ते आवाज न काढता कुत्र्याला हाक मारत होते.

आणि कुत्रं पळत नव्हतं. शालनच्या टाचेशी, शेपूट वर करून, रमतगमत चाललं होतं.

हमरस्ता आला. एसटीचा थांबा पलीकडं. ऊस भरलेली एक ट्रक येत होती. मामांनी डोळे मिटले. मी मिटू शकलो नाही, पाळणा होता. शालन थांबली तसं कुत्रं थांबलं. ट्रक गेली. शालन निघाली तसं ते निघालं, आणि तिच्या पायाला लागून पलीकडं पोचलं. तिथं बोचक्याशेजारी बसलं.

आम्ही पलीकडं गेलो तेव्हा सासूबाई शालनला म्हणत होत्या, आणि मामांना ऐकू जावं म्हणूनच म्हणत होत्या, “बरी रीत हाय तुझ्या म्हायेरची. आलेला मानूस निघाला की घरधनी फाटकात उभा ऱ्हातोय, आन् पोचवाय कुत्रं येतंय.”

एसटी आली. पाळणा टपावर चढला. गाडी सुटली. कुत्रं उठून उभं राहिलं, गाडी लांब जाईपर्यंत बघत राहिलं, मग वळलं आणि आम्हाला बघून दबकलं. कान मागं, पाय मागं. आता ही माणसं मागं लागणार, हे त्याला माहीत होतं. मामांनी हात पुढं केला नाही. ते थांब्याच्या दगडावर बसून राहिले. कुत्र्यानं थोडी वाट बघितली. मग रस्त्याच्या कडेला येऊन उभं राहिलं. एक गवळी किटल्या खडखडवत सायकल ढकलत ओलांडायला लागला, त्याच्या आडोशानं पलीकडं गेलं, आणि सरळ घराकडं चालू लागलं.

आम्ही घरी पोचलो तर दोन्ही फाटकं सताड उघडी, आणि इंटरवल परड्यात पाणी पीत होतं.

संध्याकाळी मामा पायरीवर बसले होते. मला म्हणाले, “म्हंजे ते पळत न्हवतं.”

“नाही,” मी म्हणालो.

“पोचवाय जात हुतं.”

“हो.”

“आन् आपुन मागं लागलो म्हणून पळत हुतं.” मग हळू आवाजात म्हणाले, “लाल्याच्याबी मागं मीच लागलतो.”

आतून मामींच्या भाकरी थापायच्या आवाजात खंड पडला आणि पुन्हा सुरू झाला.

“तुझ्या त्या कागदात लिव की,” मामा म्हणाले.

“काय?”

“कुत्रं पळत न्हवतं म्हणून.”

“मामा, पत्रकात असलं छापत नाहीत.”

“मंग काय छापत्यात?”

“अन्यायाविरुद्ध छापतात.”

“ह्यो काय कमी अन्याय झाला व्हय?” मामा माझ्याकडं वळले. “इतकी वर्सं आख्खी वस्ती त्येला पळपुटं म्हणती. मीबी म्हटलो. त्ये आपलं आपल्या घरची रीत राखत हुतं. मला जमली न्हाई ती. कुनी लिवायचं ह्ये?”

मी कागद घेतला. मामांनी सांगितलं, मी लिहिलं, फक्त ‘जाहीर खुलासा’ हा मथळा आणि छापील भाषा माझी. ‘तमाम वस्तीस कळविण्यात येते की, इंटरवल पळून जात नाही. तो पाहुण्यास थांब्यापर्यंत पोचवतो व परत येतो. तरी कुणीही त्याच्या मागे लागू नये, हाक मारू नये, आडवे होऊ नये. तो रस्ता ओलांडताना गडबड करू नये.’ बशीरभाईंनी आपल्या दुकानावर चिकटवलं. मामांनी गवळ्यांना, ट्रॅक्टरवाल्यांना, थांब्यावरच्या पानवाल्याला स्वतः जाऊन वाचून दाखवलं. आमच्या अध्यक्षांनाही एक प्रत दिली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि यातलं रूपक आपल्याला नीट लागत नाही, असं कबूल केलं.

मी त्या घरात असेपर्यंत, आणि पुढं मामींच्या सांगण्यावरून कुत्रं म्हातारं होऊन परड्यात निजल्या जागी जाईपर्यंत, ते पाहुण्यांना पोचवत होतं. त्याच्याबरोबर मामाही जायचे, एकटं रस्ता ओलांडतंय, बरं दिसत नाही म्हणून.

मी आजवर पुष्कळ पत्रकं लिहिली. व्यवस्था बदला म्हटलं, माणसं बदला म्हटलं, जुनं सगळं जाळा म्हटलं. लोकांनी त्यांत भडंग बांधून नेला. हे एकच असं लिहिलं, की जे लोकांनी शेवटपर्यंत वाचलं आणि त्याप्रमाणे वागले.